घुमटवाले काका आणि बंद पडलेला जनरेटर

डायलिसिसला आलेल्या माणसाला आम्ही कसे आहात विचारायच्या आधी वजन किती ते विचारतो. काट्यावर उभं करायचं, ड्राय वेटपेक्षा, म्हणजे अंगात जादा पाणी नसतानाच्या वजनापेक्षा, जे वर असेल ते मागच्या वेळेपासून अंगात साठलेलं पाणी, कारण बऱ्याच जणांना लघवी जवळजवळ होतच नाही, मग प्यायलेलं जाणार कुठे. कोणी दोन किलो वाढवून येतो कोणी साडेतीन, साडेतीनवाल्याला आमची बोलणी बसतात आणि तो खाली मान घालून म्हणतो बाय, उकाडा बघ ना किती. खरं आहे त्याचं. गोव्यातला मे महिना, पंख्याखालीसुद्धा घाम, आणि प्यायचं दिवसभरात सगळं मिळून अर्धा-पाऊण लिटर, त्यातच चहा आला, हुमण म्हणजे माशाची आमटी आली, गोळी गिळायचं पाणी आलं.

मी मूळची वाळपयची, उत्तर गोव्यात एका छोट्या सेंटरवर डायलिसिस टेक्निशियन आहे. पाच मशीन, तीन शिफ्ट. पेडण्याकडचे एक काका आठवड्यातून तीन वेळा दुपारच्या शिफ्टला येतात, त्यांना मी घुमटवाले काका म्हणते. चवथीला आरत्यांना घुमट वाजवायचे, म्हणजे मातीच्या मडक्याच्या एका तोंडावर कातडं ताणलेलं आमच्याकडचं वाद्य, घरोघरी, रात्र रात्र. आता डाव्या हातात फिस्तुला आहे. माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, छोटं ऑपरेशन करून हातातली शीर धमनीला जोडतात, मग ती फुगून जाड होते आणि तिच्यात आम्ही दर वेळी दोन जाड सुया घालतो, एकीतून रक्त बाहेर येतं, मशीनमधून साफ होऊन दुसरीतून आत जातं. त्या हाताचं बीपी घ्यायचं नाही, जड उचलायचं नाही, त्यावर डोकं ठेवून झोपायचं नाही. आणि घुमटाला डावा हात लागतोच, मागच्या तोंडावर तळवा उघडझाप केल्याशिवाय तो घुमारा निघत नाही, शिवाय आरती रंगात आली की कोण सांभाळून वाजवणार. डॉक्टर नको म्हणाले. काकांनी घुमट पुतण्याला देऊन टाकलं. बकऱ्याच्या कातड्याचं होतं, घोरपडीचं कायद्याने बंद झालं ना, पण जुना आवाज तो जुनाच, यावर त्यांचं एक वेगळं लेक्चर आहे ते आता नको.

तर फिस्तुला चालू असला की त्यावर बोट ठेवल्यावर आत थरथर लागते. आम्ही तिला थ्रिल म्हणतो. ती थांबली म्हणजे फिस्तुला बंद पडला, लगेच हॉस्पिटल गाठायचं. म्हणून रोज हात लावून बघा असं आम्ही प्रत्येकाला सांगतो आणि लोक हो हो करून विसरतात. काका सकाळी डोळे उघडायच्या आधी उजव्या हाताची दोन बोटं डाव्या मनगटाच्या वर ठेवतात आणि थोडा वेळ तसेच पडून राहतात. कातडं अजून बोलतंय, असं म्हणतात. मग उठणं, मग देव.

पाण्याचंही तसंच. काकू सकाळी अर्ध्या लिटरची बाटली भरून देतात, दिवसभर तेवढीच, आणि काका बाटलीला तोंड न लावता बुचाने पितात. एक बूच घ्यायचं, तोंडात फिरवायचं, जिभेखाली ठेवायचं, मग गिळायचं. एकदा मी हातात फाईल घेऊन घाईघाईत काहीतरी विचारायला गेले तर म्हणाले, "थांब गो बाय, पाणी पितोय ना मी." थांबले. बुचभर पाण्यासाठी. आणि तिथे उभी असताना माझ्याच लक्षात आलं की सकाळपासून मी पाणी प्यायले की नाही हे मला आठवत नाहीये, प्यायले असणार, कारण माझी बाटली रिकामी होती.

आमच्या ग्रुपवर रोज सकाळी सूर्योदयाचा फोटो आणि त्याखाली कृतज्ञ रहा, वर्तमानात जगा असं काहीतरी येतं. मी न वाचता अंगठा देते. काकांना कोणी असं बोललेलं चालत नाही. एक नातेवाईक भेटायला येऊन म्हणाला तुमच्याकडून शिकण्यासारखं आहे हो, तर काका म्हणाले माझ्याकडून काय शिकतोस, आधी बीपीची गोळी वेळेवर घे.

आंब्याचा किस्सा सांगायलाच हवा. मानकुराद म्हणजे काकांचा जीव की प्राण, आणि आंब्यात पोटॅशियम, किडनी गेलेल्या माणसाच्या रक्तात ते वाढलं तर थेट हृदयावर जातं. शहाळंसुद्धा त्याचमुळे बंद. पण डायलिसिस सुरू झाल्यावर पहिल्या तासात थोडंसं खाल्लं तर पुढे मशीन ते काढत राहतं, म्हणून आमच्या डॉक्टरांनी काकांचे रिपोर्ट बघून मे महिन्यात एका वेळेला एक फोड मंजूर केली होती. (हे ऐकून घरी कोणी करू नका, आपल्या डॉक्टरना विचारा.) काकू स्टीलच्या डब्यातून ती फोड आणायच्या. काका आधी नाकाशी न्यायचे, मग कडेने एवढासा तुकडा तोडायचे, मग साल दातांनी खरवडायचे. अर्धा तास चालायचं हे. बाजूच्या बेडवरचा मुलगा मोबाईलवर रील्स बघता बघता कधी थांबून काकांकडेच बघत बसायचा कळायचं नाही.

आता तो दिवस. मे महिन्याचा शेवटचा आठवडा, संध्याकाळी साडेचार-पाचची वेळ, पोदेर, म्हणजे पाववाला, हॉर्न वाजवत गेला आणि पाठोपाठ एकदम काळोख करून आलं. वीज कडाडली आणि लाईट गेली. हे आम्हाला नवीन नाही, जनरेटर पाच-दहा सेकंदात घेतो. घेतला नाही. मशीन सगळी एकदम बोंबलायला लागली, अलार्मवर अलार्म.

लाईट गेली की आरओचं, म्हणजे मशीनला लागणारं शुद्ध केलेलं, पाणी थांबतं, म्हणजे साफसफाई थांबते, पण मशीनमधली बॅटरी रक्ताचा पंप पंधरा-वीस मिनिटं फिरवत ठेवते. ठेवायला पाहिजे. आमच्या तीन मशीननी ठेवला, दोन जुन्यांच्या बॅटऱ्या बदला म्हणून कितीदा लिहून दिलेलं ते कागद कुठल्या फाईलमध्ये आहेत देव जाणे. त्या दोन्हींचे पंप काही मिनिटांतच थांबले. एक काकांचं. नळ्या आणि डायलायझर, म्हणजे रक्त गाळणारं नळकांडं, मिळून साधारण २०० मिली रक्त बाहेर असतं, उभं राहिलं की गोठतं, आणि या लोकांचं हिमोग्लोबिन आधीच कमी, तेवढं रक्त टाकून देणं परवडत नाही.

सिस्टरने दुसरं मशीन घेतलं, मी काकांचं. अटेंडंट जनरेटरकडे पळाला. पंपाचं झाकण उघडून हँडल लावलं, रक्त येणारी लाईन क्लॅम्प लावून बंद केली, सलाईन सोडलं, परतीची लाईन मशीनच्या क्लॅम्पमधून मोकळी केली. इथे खरी भीती, कारण हवा पकडणारा सेन्सर बंद असतो. परतीच्या लाईनवर हवा अडवणारा छोटा चेंबर असतो, त्यातली लेव्हल खाली गेली तर हवा सरळ माणसाच्या अंगात. म्हणून नजर चेंबरवरच ठेवायची आणि हँडल हळू, एकसारखं फिरवायचं. काळोखात दिसेना तेव्हा काकांनी मोकळ्या हाताने माझ्या खिशातला मोबाईल मागून घेतला आणि टॉर्च बरोबर चेंबरवर धरला.

मग जिभेने ताल द्यायला लागले. मदत म्हणून. पण आरतीचा ताल तो, वाढत जाणारच, माझा हातही नकळत जोरात फिरायला लागला, मी म्हटलं काका ताल नको, गप्प रहा. राहिले.

त्यानंतरची जी काही मिनिटं होती ती मला नीट सांगता येत नाहीत. पाऊस पत्र्यावर कोसळत होता, अलार्म चालू होते, पलीकडे सिस्टर कोणाला तरी हात हलवू नका म्हणून ओरडत होती, ते सगळं ऐकू येत होतं आणि तरी मला कुठे जायचं नव्हतं. एरवी माझ्या डोक्यात हप्ता, मुलीची फी, सासूबाईंचं काहीतरी, घरी जाताना मासे मिळतील का, हे एकाच वेळी चालू असतं. तेव्हा फक्त ती लाल रेघ, चेंबरमध्ये कुठवर आहे तेवढंच. लाल, मग गुलाबी, मग फिकट, मग जवळजवळ पाणी. क्लॅम्प. सुया काढल्या, काकांनी स्वतःच कापूस दाबून धरला आणि थोड्या वेळाने बोटं सरकवून थ्रिल बघितली. "आहे," म्हणाले. मग माझा हात ओढून माझी बोटं तिथे ठेवली. रोज तपासते मी ती, ग्लोव्ह्ज घालून, दोन सेकंद, टिक करायला. त्या दिवशी बोट उचलावंसं वाटेना, असं वाटलं की आत्ता मी जे फिरवत होते तेच आत पुढे चाललंय.

पाचही जण ठीक. जनरेटर पाऊण तासाने आला, मग मॅनेजमेंटचे फोन, मग कोण जबाबदार, ते सगळं झालं, त्यात वाचण्यासारखं काही नाही. बॅटऱ्या मात्र आठवडाभरात आल्या.

त्यानंतर मी एक गोष्ट सोडली, प्रायमिंग करताना कानात इयरफोन घालणं. नवीन डायलायझरमधून सलाईन सोडून हवा काढायची असते, तो उभा धरून तळव्याने थोपटत राहायचं की बारीक बुडबुडे वर येतात. कंटाळवाणं काम, रोजचं. हल्ली नुसतंच करते. कधी मन लागतं, कधी सासूबाईच आठवतात. तेही चालतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांना राहिलेलं डायलिसिस पूर्ण करायला बोलावलं होतं. काका डबा घेऊनच आले. त्यांचं म्हणणं असं की कालची फोड कालच्या सेशनची, ते सेशन सेंटरने अर्धवट सोडलं यात पेशंटचा काय दोष, आज नवीन सेशन म्हणजे नवीन फोड. डॉक्टर हसले, म्हणाले आधी पोटॅशियम बघू. रिपोर्ट ५.४ आला. "अर्धी," डॉक्टर म्हणाले.

काकांनी विचार केला आणि काकूंना म्हणाले, "बाठ्याकडची दे."