जुन्या एमजीची किंमत कोण ठरवतं?

आपल्याकडे गाडीचा विमा काढताना आयडीव्हीच्या, म्हणजे विम्यासाठी धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, आकड्यावरून फारसं कुणी भांडत नाही. घसाऱ्याचा तक्ता ठरलेला असतो. गाडी सहा महिन्यांच्या आतली असेल तर 5 टक्के, पाचव्या वर्षात असेल तर 50. त्यापुढे मात्र तक्ता हात वर करतो आणि कंपनी व मालक यांनी आपसांत काय ते ठरवायचं. इथे इंग्लंडमध्ये आमच्या गॅरेजात उभी आहे ती गाडी 1972 ची. म्हणजे सगळा मामलाच आपसांतला.

गाडी एमजी कंपनीची एमजीबी रोडस्टर. दोन सीट, हुड म्हणजे कापडी छप्पर, क्रोमचे बंपर. (1974 मध्ये अमेरिकेतल्या नियमांपायी त्या जागी काळे रबरी बंपर आले आणि शौकिनांनी नाकं मुरडली.) ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात 1962 ते 1980 या काळात रोडस्टर आणि पक्क्या छपराची जीटी मिळून 5 लाखांहून जास्त एमजीबी बनल्या, तेव्हा ही काही दुर्मीळ चीज नव्हे. सुटे भाग सहज मिळतात, अख्खी नवी बॉडीशेलसुद्धा मिळते. पैसा आणि चिकाटी असली की कुणीही एमजीबी नवीकोरी करू शकतो. फक्त विकायला काढली की खर्च वसूल होत नाही. आमच्या घरात हा उद्योग नवऱ्याने केला. पत्राकाम, रंग, इंजिन, वायरिंग, सगळं. बिलांची फाइल माझ्याकडे असते, त्यामुळे बेरीज मला तोंडपाठ आहे. ती इथे लिहीत नाही, कारण सासूबाई हा ब्लॉग वाचतात.

चाळीस वर्षांवरच्या गाडीला इथे रोड टॅक्स भरावा लागत नाही, आणि फार फेरफार केलेले नसतील तर एमओटी नावाची वार्षिक तपासणीही सक्तीची नाही. विमा मात्र सुटत नाही. त्यात दोन तऱ्हा. साध्या पॉलिसीत गाडी चोरीला गेली किंवा टोटल लॉस, म्हणजे दुरुस्ती परवडणार नाही अशी, झाली तर त्या दिवशीचा बाजारभाव मिळतो, आणि तो कंपनीचा माणूस सांगणार. अर्ज भरताना तुम्ही किमतीच्या रकान्यात काय लिहिलं होतं, याला तेव्हा फारसा अर्थ नसतो. दुसरी तऱ्हा ‘ॲग्रीड व्हॅल्यू’ची. आकडा आधीच दोघांनी मान्य करायचा, कंपनीकडून तसं पत्र घ्यायचं, आणि वेळ आलीच तर त्यातून एक्सेस, म्हणजे आपण सोसायचा ठरलेला हिस्सा, वजा करून उरलेली रक्कम हातात. पत्र येईपर्यंत तुम्ही बाजारभावावरच असता, हे बारीक अक्षरात असतं.

आमच्या कंपनीला गाडीचे चारही बाजूंचे, इंजिनाचे, आतले फोटो हवे होते, आणि एमजीवाल्यांच्या क्लबच्या माणसाने केलेलं मूल्यमापन. ते करायला सत्तरीतले एक काका आले. रंगाची चकाकी, नवं कातडं, यांवर त्यांनी नजरही टाकली नाही. कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक खिशातून काढून ते दारांच्या आणि मडगार्डच्या खालच्या कडांवरून फिरवत गेले. पत्र्याच्या जागी पुट्टी असेल तर चुंबक धरत नाही. मग एका बाजूला जॅक लावला आणि दाराच्या मागची फट बोटाने चाचपली. गाडी उचलल्यावर ती फट कमी-जास्त झाली तर समजायचं, सिल कमजोर.

सिल म्हणजे दाराखालची लांब पेटी. एमजीबीला वेगळी चॅसी, म्हणजे खालचा सांगाडा, नाही; पत्र्याची बॉडीच सगळा भार घेते, आणि डोक्यावर पत्र्याचं छप्पर नसल्यामुळे बराचसा बोजा या सिलवर येतो. ही पेटी थराथरांची. हिवाळ्यात इथे रस्त्यावर मीठ टाकतात, ते पाण्यासोबत तिच्यात शिरतं आणि ती आतून कुजते. बदलायची तर मडगार्डचा खालचा भाग कापावा लागतो. आळशी माणूस कुजक्या सिलवर नवा पत्रा चढवतो आणि वरून रंग मारतो. रंग वाळल्यावर दोन्ही गाड्या सारख्याच दिसतात.

म्हणूनच काकांनी पहिला प्रश्न विचारला तो वेल्डिंग चालू असतानाच्या फोटोंचा. नवऱ्याने दर टप्प्याला मोबाइलवर काढून ठेवलेले होते. भोकं पडलेली जुनी सिल, मधला नवा पत्रा, टाक्यांची ओळ. काका चष्मा कपाळावर सरकवून एकेक फोटो मोठा करून बघत राहिले. माझ्या मते आमच्या आकड्यातले निदान दोन हजार पौंड त्या गबाळ्या फोटोंचे आहेत. गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून कारखान्याच्या नोंदींचा हेरिटेज दाखलाही मागवला होता. इंजिन क्रमांक जुळला आणि गाडी मुळात याच रंगाची होती हेही त्यात निघालं.

आकड्यावर घासाघीस झालीच. नवरा बिलं पुढे करत होता, जाहिराती दाखवत होता. काका म्हणाले, ‘‘जाहिरातीत असते ती मागितलेली किंमत. मिळालेली दाखवा.’’ मग लिलावांचे निकाल निघाले. तिथे मी तोंड घातलं. अशीच दुसरी गाडी आणायला काय लागेल, हे ठरवायचं असेल तर हातोडा पडला त्या रकमेत खरेदीदाराचं कमिशनही धरायला हवं. हे त्यांना पटलं. नवऱ्याचे 22 हजार, काकांचे 16, शेवटी कागदावर 17,500 पौंड, आणि कंपनीने ते जसेच्या तसे मान्य केले.

प्रीमियम वाचवायला आकडा मुद्दाम कमी सांगणारे लोक मला कळत नाहीत. वर्षाला ठरावीक मैलच चालवायचे आणि रात्री गाडी गॅरेजात ठेवायची, या अटींमुळे प्रीमियम तसाही आमच्या रोजच्या हॅचबॅकपेक्षा कमी आहे. आणि मान्य किंमत तोकडी असली की साध्या धडकेच्या दुरुस्तीचा खर्चही तिच्या जवळ जातो आणि कंपनी गाडी टोटल लॉस करून मोकळी होते. सिलपासून उभी केलेली गाडी मग भंगारात. तसं झालंच तर ती परत विकत घेण्याचा पहिला हक्क आपला, हे कलम आम्ही पॉलिसीत आहे ना ते पाहून घेतलं.

त्या पत्राची मुदत दोन वर्षांची. ती उलटली की पॉलिसी चालू असली तरी आपण पुन्हा बाजारभावावर. यंदा नूतनीकरण आहे. नवऱ्याने नवा हुड शिवून घेतलाय, तेव्हा किंमत वाढवून माग म्हणतोय. मी पावती फाइलला लावली आहे आणि काकांची वेळ घेतली आहे.