दोन आरसे आणि एक दोरी

मागच्या महिन्यात डिचोलीच्या घरी पुतणीच्या विज्ञान प्रदर्शनासाठी आम्ही पेरिस्कोप केला. शेजारच्या मेस्ताने फळ्या रंधून दिल्या, आरसे मी बाजारातून कापून आणले आणि पडवीत बसून ते ४५ अंशांत बसवू लागलो. पहिल्या खेपेस वरचा आरसा किंचित कलला, तेवढ्याने गडग्यापलीकडचा माड दिसण्याऐवजी आमच्याच पडवीचा वासा दिसू लागला. मेस्ताने गुण्या लावून खाच पुन्हा पाडली, तेव्हा कुठे चिऱ्यांच्या गडग्याआड उकिडवे बसूनही वाटेने येणारा पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलीसह स्वच्छ दिसला.

तेव्हापासून पहिल्या महायुद्धात तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या आघाडीवर वापरलेल्या पेरिस्कोप रायफलीविषयी लिहावेसे वाटत होते, कारण तीदेखील शस्त्रांच्या कारखान्यात नव्हे, तर खंदकातच, बांधकामाच्या धंद्यातून आलेल्या एका सैनिकाच्या हातून घडली.

ऑस्ट्रेलियन आणि न्यूझीलंडच्या फौजा २५ एप्रिल १९१५ रोजी तिथल्या किनाऱ्यावर उतरल्या, पण उंचावरच्या जागा तुर्कांच्या हाती राहिल्या. क्विन्स पोस्टसारख्या ठिकाणी तर दोन्ही खंदक एकमेकांपासून अवघ्या काही मीटरांवर होते. साधा पेरिस्कोप पाहण्यापुरता उपयोगी पडे. गोळी झाडायची तर डोके आणि खांदे काठाच्या वर काढावे लागत, आणि नेमबाज त्याच क्षणाची वाट पाहत बसलेले असत. आपल्याकडे सिंधुदुर्गाच्या तटात जंग्या, म्हणजे मारा करण्यासाठी ठेवलेली छिद्रे, आहेत, त्यांतून मारा करणाऱ्याला दगडी भिंतीचा आडोसा मिळे. घाईघाईने खणलेल्या मातीच्या खंदकात तशी सोय कुठून असणार?

मे महिन्यात ऑस्ट्रेलियन फौजेच्या दुसऱ्या बटालियनमधील लान्स कॉर्पोरल विल्यम बीच यांनी यावर तोड काढली. ली-एनफिल्ड रायफल काठावर ठेवायची, तिच्या दस्त्याला खाली उतरणारी लाकडी चौकट जोडायची, एक आरसा वर नेमाच्या रेषेत आणि दुसरा खाली डोळ्यासमोर बसवायचा, आणि रायफलीच्या चापाला बांधलेली दोरी खालून ओढायची, इतकीच ती रचना. ऑस्ट्रेलियन फौजेतले अधिकारी मेजर ब्लेमी यांच्या दृष्टीस ती पडल्यावर किनाऱ्यावर अशा चौकटींचे कामच सुरू झाले, आणि त्यासाठी जहाजांवरचे आरसे काढून आणले गेले. मला या गोष्टीतला हा भाग फार मोलाचा वाटतो: ज्या आरशात कुणी दाढी करत असेल, तोच आता खंदकात प्राण राखत होता.

उणीव एकच, पण मोठी होती. प्रत्येक गोळीनंतर पुढची गोळी भरायला रायफलीचा बोल्ट (खटका) मागेपुढे करण्यासाठी सगळी चौकट खाली घ्यावी लागे आणि मग पुन्हा नेम धरावा लागे, त्यामुळे झटपट मारा करणे शक्य नव्हते. तरीही जिथे आधी मान वर करता येत नव्हती, तिथे आता समोरच्या खंदकालाही जपून राहावे लागले.

पुतणीने मला विचारले, "काका, आरशात तर डावे-उजवे बदलते, मग पोदेर सुलटा कसा दिसला?" पहिल्या आरशाने उलटवलेले दुसरा आरसा परत सुलटे करतो, असे मी तिला दोन्ही आरसे हातात घेऊन दाखवले. बीच यांच्या चौकटीतही तसेच होत असे. खालच्या आरशात समोरचा माणूस जसाच्या तसा दिसे, उजव्या हाताच्या जागी उजवाच हात.