बेघर मावशीचं आधार काढताना आलेला अनुभव, आधी हे वाचा मग लाईनीत उभं राहा

अजून आठवलं की डोकं तापतं म्हणून लिहितोय. मी संभाजीनगरला टुरिस्ट गाडी चालवतो. सोमवारी अजिंठा बंद, मंगळवारी वेरूळ बंद, त्यामुळं हे दोन दिवस जरा मोकळे. 2024 मधले असे किती सोमवार-मंगळवार एका मावशीच्या आधारपायी गेले ते माझं मला माहिती.

मावशी स्टेशनसमोर झोपायची. बीडकडची, ऊसतोडीतली. नवऱ्याला घाटीत म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यात आणलं, तो तिथंच गेला, आणि मुकादमाची उचल (आगाऊ घेतलेले पैसे) अंगावर होती म्हणून ही गावाकडं परतलीच नाही. गाडीतले पाहुणे विचारतात एवढी माणसं फुटपाथवर कशी, आळशी असतील. म्हणलं जरा बसून बोला, कुणाच्या गोष्टीत दवाखाना निघतो, कुणाच्या दुष्काळ, कुणाच्या उचल.

बेघरांच्या निवाऱ्यात जागा एका संध्याकाळीच मिळाली. गाडं अडलं आधारवर. निराधार योजनेचे महिना 1500 पाहिजेत तर बँक खातं, खात्याला आधार, आणि आधारला पत्त्याचा पुरावा. बेघर बाईला पत्ता!

काऊंटरवरचा म्हणला नगरसेवकाचं पत्र आणा. म्हणलं साहेब, 2020 पासून नगरसेवकच नाहीत, प्रशासक आहे. तो म्हणला मग तुमचं तुम्ही बघा. लाईनीतल्या एका बाईनं सांगितलं की निवाऱ्याच्या अधीक्षकाचं ठरलेल्या नमुन्यातलं सर्टिफिकेट चालतं. आणलं. परत पाठवलं, का तर शिक्का अर्धा फोटोवर यायला पाहिजे आणि यांनी बाजूला मारलेला. दुसरं आणलं (ते तीनच महिने चालतं, तारीख बघून जा). मग बोटं. कोयता धरून धरून रेषा पार पुसलेल्या, मशीन एक बोट धरेना. ओलं फडकं झालं, खोबरेल झालं, ते पोरगं वैतागून म्हणलं आजी जोरात दाबा. "लेकरा, अजून किती दाबू?" शेवटी डोळ्यांवर भागलं आणि पावती मिळाली, मला वाटलं सुटलो.

कशाचं काय. दीड-दोन महिने स्टेटस तिथंच. अठराच्या वरच्यांचं नवीन आधार तपासणीला जातं, 180 दिवससुद्धा लागू शकतात, हे एका शब्दानं कुणी सांगितलं नव्हतं. मग एका सोमवारी माझ्या मोबाईलवर मेसेज, रिजेक्ट. कारण डुप्लिकेट. म्हणजे मावशीचं आधार आधीच होतं!

"व्हय की, कारखान्यावर आले व्हते एकदा फोटू काढायला."

मावशी, मग आधी का नाही सांगितलं?

"तू कुठं इचारलंस?"

आता राग कुणावर काढायचा सांगा. म्हणून कळकळीनं सांगतो, मोठ्या माणसाचं नवीन काढायच्या आधी जुनं आहे का ते विचारा. नंबर माहिती नसला तरी आधार केंद्रावर नाव, पिनकोड आणि डोळे-बोटं यावरून शोधून प्रिंट देतात. नाव दोन-तीन स्पेलिंगनं टाकायला लावा, आमचं तिसऱ्यांदा सापडलं. दहा मिनिटं लागली, दहा!

ही एका मावशीची गोष्ट झाली. 2011 च्या जनगणनेत 28 फेब्रुवारीच्या रात्री बेघर मोजले होते, राज्यात 2 लाखाच्या वर निघाले. मावशी तेव्हा उसाच्या फडावरच्या कोपीत (पाचटाच्या झोपडीत) होती, तिला कशात धरलं देव जाणे. सुप्रीम कोर्टानं लाख लोकवस्तीमागं एक निवारा सांगितलाय, आपलं शहर तेव्हाच पावणेबारा लाखाचं होतं. हिशोब तुम्हीच करा.

प्रिंटवर पत्ता गावाकडचाच आला. मावशीनं दोनदा वाचायला लावला. "घर पडलं की ते," एवढंच म्हणली. लॅमिनेशन करून दिलं तर तिनं तेही दुमडून पानाच्या चंचीत घातलं. म्हणून एक झेरॉक्स माझ्या गाडीत ठेवलीय, वेरूळच्या नकाशाखाली.