पिवळी वायर एकच होती

परवा रविवारी भाचा मिरजेहून स्कूटरवर पायाशी कॉम्प्युटर ठेवून घेऊन आला. "आत्या, रेंडर लावला की पंधरा-वीस मिनिटांत मशीन बंद पडतंय. विंडोज तीनदा टाकून झालं." रेंडर म्हणजे इमारतीच्या मॉडेलवरून चित्र तयार करणं. आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आहे, सबमिशन तोंडावर आलंय, डोळे लाल झालेले. महिन्यापूर्वी त्यानं सेकंडहँड जीटीएक्स 1050 टीआय हे ग्राफिक्स कार्ड घेतलं होतं. "हे घेतलं कारण याला वेगळी पॉवर केबल लागत नाही. स्लॉटमधूनच मिळते."

बरोबर बोलला तो. पण स्लॉटला ती पॉवर कुठून मिळते, हा प्रश्न त्याला मशीन विकणाऱ्यानंही स्वतःला कधी विचारला नव्हता.

मदरबोर्डावर ग्राफिक्स कार्ड बसतं त्या लांब स्लॉटमधून, म्हणजे एक्स 16 मधून, कार्डानं जास्तीत जास्त 75 वॉट घ्यायचे असा नियम आहे. त्यात 12 व्होल्टवर साडेपाच अँपिअर, म्हणजे 66 वॉट. 3.3 व्होल्टवर 3 अँपिअर, म्हणजे 9.9. बेरीज पंचाहत्तरच्या किंचित वर जाते, पण एकूण मर्यादा 75 चीच. जुनं 750 टीआय 60 वॉटचं होतं, त्याला थोडी मोकळीक असायची. 1050 टीआय मात्र 75 वॉटचंच कार्ड आहे, काठोकाठ.

मी भाच्याला कार्ड हातात धरून दाखवलं. खालच्या सोनेरी पट्ट्यांमध्ये एक खाच असते. खाचेच्या अलीकडचा तुकडा नखाएवढा, दोन्ही बाजूंना अकरा-अकरा पट्ट्या. पलीकडचा भाग लांबलचक, पण तिथून पॉवर येत नाही, तिथे डेटाच्या लेन. सगळी पॉवर त्या छोट्या तुकड्यातून येते. 12 व्होल्टच्या पट्ट्या पाचच, एका बाजूला तीन आणि दुसऱ्या बाजूला दोन. प्रत्येकीनं 1.1 अँपिअर न्यायचा. तो बराच वेळ मोजत बसला, मग म्हणाला, "म्हणजे छोट्या एक्स 1 स्लॉटलाही ह्याच पट्ट्या असणार!" असतात. पण म्हणून तिथे 75 मिळतील असं धरायचं नाही. एक्स 1 कार्डानं सुरुवातीला 10 वॉटमध्ये भागवायचं आणि पुढे फार तर 25. मोठ्या ग्राफिक्स कार्डालाही मशीन चालू होताना 25 वॉटचंच बंधन असतं. बोर्डानं स्लॉटची मर्यादा कळवून कार्ड कॉन्फिगर केलं, की मग 75 पर्यंत जायची मुभा.

आता मुख्य गोष्ट. स्लॉट स्वतः काही तयार करत नाही. एसएमपीएसचा, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याचा, 24 पिनांचा मोठा प्लग असतो ना, त्यात 12 व्होल्टच्या पिवळ्या वायरी दोनच, 10 आणि 11 नंबरच्या पिनवर. प्रोसेसरला वेगळा प्लग असतो, त्याचा यात भार नाही. बहुतेक साध्या बोर्डांवर कार्डाचे ते 66 वॉट आणि बोर्डावर लावलेले पंखे या दोन वायरींवर चालतात.

मशीन उघडलं आणि मला तिथेच दिसलं. प्लग वीस अधिक चारचा होता. वीसचा भाग बसवलेला, आणि चार पिनांचा तुकडा बोर्ड आणि कॅबिनेटच्या मध्ये सारून दिलेला. 11 नंबरची पिवळी वायर त्याच तुकड्यात असते. म्हणजे सगळा भार एकट्या 10 नंबरवर. चार वर्षं मशीन विनातक्रार चाललं, कारण ग्राफिक्स कार्डच नव्हतं. कार्ड आलं आणि त्या एका पिनेवर पाचेक अँपिअर तासन् तास जायला लागले.

प्लग काढायच्या आधी रेंडर लावून मीटर धरला. एसएमपीएसच्या मोकळ्या मोलेक्सवर, म्हणजे चार पिनांच्या जुन्या पद्धतीच्या प्लगवर, 12.08. बोर्डाच्या मागून, 10 नंबरच्या सोल्डरवर, 10.96. स्लॉटला 12 व्होल्टमध्ये 8 टक्के कमी-जास्त चालतं, म्हणजे खाली 11.04 पर्यंत. आपण त्याच्याही खाली. आणि मधला 1.12 व्होल्ट त्या एका वायरीत आणि तिच्या पिनेतच जिरत होता. पाच अँपिअरच्या हिशेबानं साडेपाच वॉट उष्णता, त्यातली बरीचशी तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत.

प्लग ओढून निघेना. हलवत हलवत काढला, तर 10 नंबरचं भोक तपकिरी झालेलं, कडेचं प्लॅस्टिक फुगून शेजारच्या भोकाकडे सरकलेलं, आणि करपल्याचा वास. पोरगं रात्र-रात्र हे मशीन चालू ठेवून शेजारीच झोपत होतं. एक क्लिप दाबायची राहिली, तिचा हा परिणाम. मला याचा फार राग येतो. मशीन जोडणाऱ्याला त्या तुकड्यासाठी दोन सेकंद लागले असते.

अशी जागा घासून साफ करण्यात अर्थ नसतो. तापलेल्या पिनेची पकड गेलेली असते, ती परत येत नाही. एसएमपीएस बदलला आणि बोर्डावरचा कनेक्टरही काढला. ग्राउंडच्या पिना काढताना जीव मेटाकुटीला येतो, बोर्डातलं तांबं सगळी उष्णता ओढून घेतं. पाऊण दिवस गेला.

स्लॉटची मर्यादा मोठ्या कंपन्यांनाही सांभाळावी लागते. 2016 च्या जूनअखेर एएमडीचं आरएक्स 480 आलं. कार्ड 150 वॉटचं, त्यात 6 पिनांचा एक प्लग. परीक्षण करणाऱ्यांनी मोजलं, तर ते स्लॉटमधून 75 च्या वर ओढत होतं. जुलैमध्ये कंपनीनं 16.7.1 ड्रायव्हर काढून स्लॉटवरचा भार कमी केला.

क्रिप्टो मायनिंगमधून उतरलेले रायझर, म्हणजे कार्ड स्लॉटपासून लांब बसवायच्या जोडण्या, विकायला येतात. ते मी साटाच्या, म्हणजे हार्ड डिस्कच्या पॉवर प्लगच्या, अडॅप्टरवर कुणालाच लावून देत नाही. साटा प्लगमध्ये 12 व्होल्टच्या तीन पिना, प्रत्येकी दीड अँपिअर, म्हणजे 54 वॉट. कार्ड तिथून 66 मागू शकतं. गिऱ्हाईक म्हणतं, "चालतंय की." चालतं, वितळेपर्यंत.

भाच्याचं मशीन काल संध्याकाळी जोडलं. चारचा तुकडा त्याच्याच हातानं बसवायला लावला, क्लिपचा आवाज ऐकवला. तासभर रेंडर चालू ठेवून परत त्याच सोल्डरवर मीटर धरला. 11.93. प्लगवर बोट ठेवलं, कोमटसुद्धा नव्हता.