तुम्ही विचारलंत म्हणून: यूट्यूब असताना या तबकड्या कशाला?

गणपतीत पुण्याला घरी आलो की कुणीतरी काका विचारतातच, अरे सगळं यूट्यूबवर आहे की, मग तुम्ही त्या जुन्या रेकॉर्डी एसीत ठेवून करता काय? मी अमेरिकेत एका विद्यापीठाच्या संगीत संग्रहात काम करतो, सुरुवातीच्या रॉक अँड रोलच्या तबकड्या माझ्या वाट्याला आल्यात.

तर काका, गाणं यूट्यूबवर आहे हे खरंय, पण रॉक अँड रोलचा गायक एल्विस प्रेस्ली, त्याची पहिली रेकॉर्ड घ्या. मेम्फिसची सन कंपनी, पिवळं लेबल, वर कोंबडा, नंबर २०९, जुलै १९५४. एका बाजूला काळ्या गायकाचा ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं संगीत, उलटी केली की गोऱ्यांचं ब्लूग्रास, म्हणजे तिकडचं गावाकडचं संगीत, आणि दोन्ही हा १९ वर्षांचा पोरगा गातोय! रॉक अँड रोल कुठून आलं ते समजायला ही एक तबकडी पालथी केली तरी पुरे, यूट्यूबवर मात्र ते दोन वेगळे व्हिडिओ होतात आणि एकमेकांशी त्यांचं काही नातं उरत नाही.

खरी धास्ती असते ती अ‍ॅसिटेट नावाच्या तबकड्यांची. अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर लॅकरचा, म्हणजे एका रोगणाचा थर, त्यावर थेट खाचा कोरायच्या. वर्षानुवर्षांनी त्यातलं तेल सुटतं, पांढरी भुकटी जमते, थर आकसतो आणि खपल्या पडतात. शिवाय दर वेळी वाजवलं की सुई थोडं खरवडतेच, म्हणून आम्ही डिजिटल कॉपी करायला एकदा वाजवतो आणि मग हात लावत नाही. एल्विसने १९५३ मध्ये साधारण ४ डॉलर देऊन स्वतःसाठी कोरून घेतलेली तबकडी अशीच होती, एकच प्रत, २०१५ च्या लिलावात ३ लाख डॉलरला गेली.

७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्यांत लाख (सील करायला वापरतात ती राळ) असते, ती मुख्यतः भारतातूनच जायची. अमेरिकेत ७८ बंद पडल्या तरी कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात बीटल्ससुद्धा ७८ वर छापले गेले, परदेशातले संग्राहक आता त्यासाठी जीव टाकतात. तुमच्या माळ्यावर असतील तर उभ्या ठेवा, एकावर एक रचू नका, आणि स्पिरिटने अजिबात पुसू नका, लाख विरघळते. मी लहानपणी आजोबांची एक चकचकीत करायला गेलो होतो, आजोबा आठवडाभर बोलले नाहीत माझ्याशी.