तुम्ही विचारलंत म्हणून: क्युबिझम म्हणजे पिकासोच ना?

चित्रांचा, त्यातही क्युबिझमचा (माणसं, वस्तू तुकड्यातुकड्यांत काढायची शैली) विषय निघाला की कोणीतरी हमखास विचारतं, क्युबिझम म्हणजे पिकासोच ना, आणि खरं सांग, त्याला धड माणूस काढता येत नव्हता म्हणून हा सगळा तुकड्यांचा खेळ का? दुसऱ्या भागाचं उत्तर सोपंय. बार्सिलोनाच्या पिकासो म्युझियममध्ये त्याचं १८९७ चं 'सायन्स अँड चॅरिटी' आहे, अंथरुणावर आजारी बाई, नाडी बघणारा डॉक्टर, मूल घेऊन उभी नन, सगळं पक्कं रीतसर, आणि हे काढताना तो होता १५ वर्षांचा. विषय संपला.

पहिल्या भागावर मात्र मी भांडतो. कारण त्यात जॉर्ज ब्राक, म्हणजे पिकासोच्या जोडीने क्युबिझम घडवणारा फ्रेंच चित्रकार, कुठेच नसतो, आणि मला विचाराल तर क्युबिझम समजून घ्यायला ब्राकच बरा. ह्याचे वडील आणि आजोबा घरं रंगवण्याचा धंदा करणारे, तोही तेच काम शिकला, म्हणजे भिंतीवर खोटं लाकूड, खोटा संगमरवर काढायचं काम. १९०७ मध्ये त्याने पिकासोच्या स्टुडिओत 'ले दमुआझेल दाव्हिन्यों' हे पाच बायकांचं चित्र बघितलं, त्याआधीपासून डोक्यात सेझान हा आधीच्या पिढीतला चित्रकार होताच, आणि पुढच्या उन्हाळ्यात दक्षिण फ्रान्समधल्या लेस्ताकला जाऊन त्याने घरं अशी काढली की दारं नाहीत, खिडक्या नाहीत, नुसते एकावर एक ठोकळे. सलाँ दोतोन ह्या पॅरिसच्या मोठ्या वार्षिक प्रदर्शनाने चित्रं नाकारली, मग कानवायलर नावाच्या तरुण डीलरने आपल्या छोट्याशा गॅलरीत लावली, आणि व्होक्सेल ह्या समीक्षकाने क्यूब क्यूब म्हणून नाक मुरडलं. नाव तिथून आलं.

आता पुस्तकात लिहिलेलं असतं की वस्तू एकाच वेळी सगळ्या बाजूंनी दाखवणं म्हणजे क्युबिझम. परीक्षेला ठीक आहे हो, पण हे डोक्यात ठेवून चित्रासमोर उभं राहिलात तर व्हायोलिनची मागची बाजू शोधत बसाल आणि वैतागून निघून जाल. त्यापेक्षा ब्राकचं 'व्हायोलिन अँड पिचर' बघा, १९०९-१० चं, बाझलच्या म्युझियममध्ये आहे. व्हायोलिन फुटलंय, पाण्याचा जग फुटलाय, मागची भिंतही फुटलीय, आणि वर एक खिळा, साधा खिळा, सावलीसकट, अगदी बोटाला टोचेल असा. म्हणजे हा माणूस सांगतोय की सावली देऊन डोळ्यांना फसवायचं मला चांगलं येतं, तो माझा धंदाच आहे, पण तीही एक युक्तीच आहे आणि आता मला दुसरी करून बघायचीय. मला क्युबिझम त्या खिळ्यावरून कळला, लोक मारतात त्या चौथ्या मितीच्या गप्पांवरून नाही.

१९११ च्या उन्हाळ्यात पिकासो आणि ब्राक सेरे ह्या दक्षिण फ्रान्समधल्या गावी एकत्र होते, तेव्हाची चित्रं शेजारी ठेवली तर कोणाचं कुठलं सांगताना भलेभले अडखळतात, त्यात सह्यासुद्धा पुढून करायचे नाहीत. पिकासोच्या 'अकॉर्डियनिस्ट'च्या मागे सेरे लिहिलेलं बघून एका मालकाला ते निसर्गचित्रच वाटलं होतं! बिचारा.

मग ब्राकचा जुना धंदा कामाला आला. लाकडाच्या रेषा ओढायचा रंगाऱ्यांचा कंगवा त्याने पिकासोला दाखवला आणि पिकासोने १९१२ च्या 'पोएट'मध्ये त्याच कंगव्याने कवीचे केस आणि मिशा काढल्या, हा खास पिकासो. त्याच वर्षी ब्राकला आव्हिन्योंच्या दुकानात ओकच्या लाकडाचं प्रिंट असलेला वॉलपेपर दिसला, आपल्याकडे सनमायकावर असतं तसलं. सांगतात की पिकासो पॅरिसला जाईपर्यंत तो थांबला आणि मगच जाऊन विकत घेतला :) तो कापून चित्रात चिकटवला, झालं 'फ्रूट डिश अँड ग्लास', पहिलं कागद चिकटवलेलं क्युबिस्ट चित्र. पिकासोने मे महिन्यात वेताच्या खुर्चीचं प्रिंट असलेलं ऑइलक्लॉथ चिकटवलं होतं हे खरंय, पण ऑक्टोबरमध्ये त्यानेच ब्राकला पत्रात कळवलं की तुझी कागदाची पद्धत मी वापरतोय.

ऑगस्ट १९१४ ला युद्ध लागलं, ब्राक लढायला गेला, १९१५ मध्ये डोक्याला मोठी जखम झाली. तो वाचला, पण ती जोडी पुन्हा जमली नाही. कानवायलर जर्मन, म्हणून फ्रेंच सरकारने त्याचा चित्रांचा सगळा साठा जप्त केला आणि पुढे १९२१ ते २३ मध्ये लिलावात काढला.

मेत्झांजे, ग्लेझ, लेजे ही क्युबिस्ट मंडळी वेगळी. १९११ ला पॅरिसच्या सलाँमध्ये, म्हणजे मोठ्या जाहीर प्रदर्शनांत, गाजली ती हीच, कारण पिकासो-ब्राक तिथे चित्रं लावतच नव्हते. लेजे सोडला तर मला त्यांच्यात फार राम वाटत नाही. हुआन ग्रिस हा स्पॅनिश क्युबिस्ट मात्र आवडतो, आणि सुरुवात करायची तर त्याने १९१२ मध्ये काढलेल्या पिकासोच्या पोर्ट्रेटपासून करा, हातात पॅलेट, कोटाची बटणं, सगळं सापडतं. ते शिकागोला आहे, आणि तिथेच पिकासोने १९१० मध्ये काढलेला कानवायलरही आहे. तो अवघड आहे, आधी खाली मध्यावर एकमेकांत गुंतवलेले हात शोधा, मग वर सरकत जा, केसांचा भांग येईल.