त्या माशात मासा नव्हता

सिंगापूरच्या चांगी विमानतळावर आम्ही पाच जण एकाच ट्रेनने सहा वेळा इकडून तिकडे गेलो. उतरायचं, जरा घोटाळायचं, पुन्हा चढायचं. चौथ्या फेरीला अप्पा (माझे सासरे) म्हणाले, "आता पासच काढूया."

त्याचं झालं असं. दिवाळीच्या सुट्टीत सोलला जायचं ठरलं ते रेवाच्या, माझ्या मुलीच्या, हट्टापायी. तेरा वर्षांची आहे, कोरियन मालिका बघून बघून त्यांची लिपी स्वतःची स्वतः शिकलीय. मुंबईहून निघताना मी मुद्दाम सिंगापूरला सात तास थांबायचं तिकीट काढलं, कारण तिथलं ज्वेल. मोशे साफ्दी या वास्तुविशारदाने उभा केलेला, २०१९ मध्ये उघडलेला काचेचा अवाढव्य घुमट, आत जंगल आणि छताच्या मधोमध भोकातून कोसळणारा ४० मीटर उंच धबधबा. इमारतीच्या आतला जगातला सगळ्यात उंच धबधबा म्हणतात त्याला. रेवाने त्यासमोर कोणता टी-शर्ट घालायचा हेसुद्धा ठरवून ठेवलं होतं.

मी सगळं वाचलं होतं, एवढंच वाचलं नव्हतं की ज्वेल इमिग्रेशनच्या पलीकडे आहे. म्हणजे सिंगापूरचा व्हिसा हवा. तो आमच्याकडे नव्हता. चौकशीच्या काउंटरवर हे कळलं तेव्हा रेवाने माझ्याकडे असं बघितलं की त्यापेक्षा तिने आदळआपट केलेली परवडली असती. काउंटरवरच्या बाईंना बहुतेक दया आली. त्या म्हणाल्या, टर्मिनल दोन आणि तीनच्या मधली स्कायट्रेन ज्वेलच्या पोटातूनच जाते, आणि ट्रान्झिटवाल्यांनाही तिच्यात बसता येतं. फक्त सकाळी लवकर धबधबा बंद असतो, तेव्हा जरा थांबा.

थांबायला चांगीसारखी जागा नाही. टर्मिनल तीनमध्ये फुलपाखरांची बाग आहे, चक्क दुमजली, जाळीचं दार ढकलून आत गेलं की बाहेरचा एसी संपतो आणि कोकणातला दमट उकाडा सुरू होतो. जागोजागी अननसाच्या चकत्या ठेवलेल्या. आई (माझ्या सासूबाई) एका चकतीसमोर अर्धा तास उभ्या होत्या. काळं-पांढरं एक फुलपाखरू बसलं होतं, त्याची गुंडाळलेली सोंड घड्याळाच्या स्प्रिंगसारखी उलगडायची, अननसाच्या एका डोळ्यात शिरायची, बाहेर यायची, मग शेजारच्या डोळ्यात. "सगळं शोधून शोधून खातंय बघ," आई म्हणाल्या. अप्पांना तोवर पाय दाबून देणारं फुकट यंत्र सापडलं होतं. त्यांना तिथून उठवायला दोन माणसं लागली.

मग त्या फेऱ्या. ट्रेन बोगद्यातून निघाल्यासारखी एकदम हिरव्या दरीत शिरते, उजेड बदलतो, आणि पाण्याचा तो गोल खांब काचेच्या पलीकडून सरकत जातो. आठ-दहा सेकंद, फार तर पंधरा. पहिल्यांदा मी फोन काढेपर्यंत संपलं. दुसऱ्यांदा कुणाचं तरी डोकं आलं. सहाव्या वेळी कुणीच फोन काढला नाही आणि तेव्हाच तो नीट दिसला. टी-शर्ट फुकट गेला, पण रेवाचं तोंड सुटलं.

इंचॉनला, म्हणजे सोलच्या विमानतळावर, उतरलो तेव्हा रात्रीचे दहा वाजून गेले होते. सामानाच्या पट्ट्यापाशी पाचएक वर्षांचा एक मुलगा जिवाच्या आकांताने ओरडला, "अप्पा! अप्पा!" आमचे अप्पा गर्रकन वळले. मुलगा त्यांच्या शेजारून धावत जाऊन आपल्या बापाला बिलगला. कोरियन भाषेत वडलांना अप्पाच म्हणतात. रेवाने हे आधी सांगायला हवं होतं, पण तिला मजा बघायची असणार. पुढचे आठ दिवस राजवाड्यात, मेट्रोत, बागेत कुठलंही पोर अप्पा म्हणालं की आमचे वळायचे आणि आम्ही हसून घ्यायचो.

आता खाण्याकडे वळते, कारण खरी परीक्षा तिथे होती. अप्पा बाहेर पडले की सगळं खातात. नवरा खातो, रेवा खाते, मीही खाते. आई मात्र अलिबागच्या माहेरवाशीण असूनही दहा वर्षांपूर्वी मासे-मटण सोडून बसल्या आहेत. अंडं "केकात दिसत नाही म्हणून" चालतं. त्यामुळे बॅगेत दशम्या, मेतकूट, भाजणी असा सगळा सरंजाम होता आणि वर माझी काळजी.

पहिल्या संध्याकाळी म्यॉंगदोंगला गेलो, सगळे जातात म्हणून. खाण्याच्या गाड्यांच्या रांगा, दिवे, गर्दी, काडीला मळसूत्रासारखा गुंडाळून तळलेला बटाटा. स्पष्ट सांगते, बघायला छान, खायला महाग. दर पर्यटकांसाठी लावलेले आहेत हे कळायला कोरियन यावं लागत नाही. हजार वॉन म्हणजे आपले साठ-बासष्ट रुपये धरा आणि पाट्या वाचताना मनात गुणाकार करत राहा. एक गोष्ट आवडली. रस्त्यावर कचऱ्याचे डबे शोधून सापडत नाहीत, पण खाऊन झालेली काडी गाडीवाला स्वतः हात पुढे करून परत घेतो.

तिथेच रेवाने त्तोकबोक्की खाल्लं. तांदळाच्या पिठाच्या बोटभर जाडीच्या वळकट्या, लालभडक गोचुजांगच्या, म्हणजे मिरचीच्या चटणीच्या, रश्श्यात रटरटणाऱ्या. उकडीच्या मोदकाची पारी जाड वळून, आत काही न भरता, तिखटात शिजवली तर जे होईल ते. पण चिवट, दाताशी भांडणारं. रेवाच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती "तिखट नाहीये" म्हणत होती. आईंना वाटलं, तांदूळ आणि मिरची, म्हणजे हे आपल्याला चालेल. मी थांबवलं. त्या रश्श्याचं पाणी बहुतेक वेळा सुके छोटे मासे उकळून केलेलं असतं, आपल्या मांदेलीच्या भाऊबंदातले. शेजारच्या गाडीवर काड्यांना घड्या घालून टोचलेलं ओमुक होतं, दिसायला अगदी पोळीच्या गुंडाळीसारखं, प्रत्यक्षात माशाचा लगदा. त्याचं गरम पाणी कागदी पेल्यातून वर फुकट मिळतं, पाणीपुरीनंतरच्या सुक्या पुरीसारखं. अप्पांनी तीन पेले प्यायले.

हॉटेलकडे परतताना मेट्रोच्या जिन्यापाशी एका गाडीवर बिडाचे साचे उलटे-पालटे होत होते आणि त्यातून मासे बाहेर पडत होते. खवले, शेपटी, डोळा, सगळं साग्रसंगीत. रेवाने एक घेऊन आईंसमोर धरला.

"मला मासा देतेस?"

"आजी, मोडून तर बघ."

आत लालसर गोड सारण. बुंगऑप्पांग म्हणतात याला, थंडीतला खाऊ, आणि आत असतं ते चवळीच्या जातीतलं लाल कडधान्य, साखर घालून शिजवलेलं. म्हणजे पुरणच. आईंनी डोळे बारीक करून हुंगलं, मग शेपटीकडून सुरुवात केली, कारण "डोक्याला डोळा आहे त्याच्या". आधी डोकं की आधी शेपटी यावर कोरियन लोकही वाद घालतात असं रेवाने सांगितलं. शेवटचा घास तोंडात टाकून आई म्हणाल्या, "अजब गाव आहे. माशात मासा नाही आणि तांदळात आहे."

खरी मजा आली ग्वांगजांग बाजारात. १९०५ साली सुरू झालेला, छत असलेला जुना बाजार. जोंगनो ५-गा स्टेशनवरून चालत दोन मिनिटं. कापडाची दुकानं बाजूला आणि मधल्या चौकात खाण्याच्या टपऱ्यांच्या ओळी, प्रत्येकीसमोर एक लांब बाकडं. अप्पा बसले आणि लगेच उठले. "ओलं आहे का गं?" ओलं नव्हतं, गरम होतं. थंडीत गिऱ्हाइकाला ऊब मिळावी म्हणून बाकड्याला खालून विजेवर तापवतात. एकदा हे कळल्यावर अप्पा तिथून हलेनात.

आमच्या टपरीवर जातं फिरत होतं. मोटरवर, पण दगडाचंच. वरच्या भोकात मावशी पळीने भिजवलेले सालं काढलेले मूग ओतत होत्या आणि पाळीतून फिकट पिवळं जाडसर पीठ ओघळून खालच्या घमेल्यात पडत होतं. मावशी मी आपलं मराठीत म्हणत नाहीये बरं. तिथे टपरीवाल्या बाईला "इमो" अशी हाक मारतात आणि इमो म्हणजे आईची बहीण. हे ऐकल्यावर आईंचा अर्धा परकेपणा तिथेच गेला.

"अगं, ही तर मुगाची धिरडी!" त्या मला म्हणाल्या. बिंदेत्तोक हे त्याचं नाव. तव्यावर चांगलं बोटभर तेल, त्यात ताटलीएवढं जाड धिरडं अक्षरशः पोहतं, कडा तपकिरी होऊन कुरकुरीत होईपर्यंत. आईंना तेल बघूनच गलबलून आलं, पण वास फार खरपूस होता.

मी फोनवर भाषांतर करून दाखवलं, मांस नको. कोरियन भाषेत मांस म्हणजे गोगी, आणि पाण्यातला मासा म्हणजे मुलगोगी, मुल म्हणजे पाणी. मी दोन्ही नको असं लिहिलं. इमोंनी मान डोलावली आणि एकेक भांडं आमच्याकडे सरकवून दाखवायला लागल्या. मूग. मुगाचे मोड. पातीचा कांदा. मग चिरलेली किमची.

आईंनी त्या भांड्यावर जरा वाकून एकदाच श्वास घेतला. "यात जवळा आहे."

मी म्हटलं, "आई, कोबी आहे तो."

"कोबी असेल. जवळा आहे."

रेवाने फोनवर शोधलं. किमची मुरवताना पुष्कळदा सेउजॉत घालतात, म्हणजे खारवलेली बारीक कोळंबी. म्हणजे जवळाच. दहा वर्षं तोंडात नाही, पण अलिबागचं नाक शाबूत होतं. रेवाने ते भांडं दाखवून हाताने फुली केली. इमो एकदम मोठ्याने हसल्या, पुढ्यातलं कालवलेलं पीठ बाजूला सारलं, जात्याखालचं ताजं पीठ दोन पळ्या वेगळं काढलं, त्यात फक्त मोड आणि पात घातली आणि तव्याचा एक कोपरा उलथन्याने खरवडून त्या कोपऱ्यात नवीन तेल ओतलं. हे मी सांगितलं नव्हतं. तिने तिचं ओळखलं. आई नुसत्या बघत होत्या. एकादशीला घरी तवा वेगळा ठेवणाऱ्या बाईला याचा अर्थ सांगावा लागत नाही.

बरोबर सोया सॉसमध्ये बुडवलेल्या कांद्याच्या फोडी आल्या. आईंनी त्या बाजूला ठेवल्या, पर्समधून मेतकुटाची पुडी काढली आणि धिरड्यावर भुरभुरवली. दोन घास झाल्यावर इमोंनी वाकून विचारलं, "माशिस्सोयो?"

आई दचकून ताटली उचलून बघायला लागल्या. "माशी? कुठे पडली?"

रेवा बाकड्यावरून खाली घसरायची बाकी होती. माशिस्सोयो म्हणजे, चवदार आहे का.

होत्तोकचं एकाच वाक्यात सांगते, कारण त्यावर जास्त बोललं की नवऱ्याला राग येतो: मैद्याच्या फुगलेल्या गोळ्यात ब्राऊन शुगर, दालचिनी आणि दाणे भरून वरून लोखंडी चकतीने दाबून तव्यावर भाजतात, आतल्या साखरेचा पाक उकळता असतो, आणि गूळपोळी खात मोठ्या झालेल्या माणसाला हे कळायला हवं होतं. पुढचे दोन दिवस तो थंड दुधावर होता. केळ्याच्या स्वादाचं, पोट सुटलेल्या बाटलीतलं. ते त्याला इतकं आवडलं की जीभ बरी झाल्यावरही सुटलं नाही.

परत जाताना विमानतळाची थेट ट्रेन घेतली नाही. ती ४३ मिनिटांत पोचवते, पण आमच्याकडे वेळ होता, म्हणून सगळ्या स्टेशनांवर थांबणारी घेतली. उजेडात कळलं की विमानतळ समुद्रात आहे. दोन बेटांमध्ये भराव टाकून केलेली जमीन, २००१ पासून सुरू. ओहोटी होती आणि पुलाखाली मैलभर चकचकीत करडा चिखल, मधून पाण्याच्या वेड्यावाकड्या रेघा. "आमची खाडी," आई म्हणाल्या आणि खिडकीला नाक लावलं.

इंचॉनचा विमानतळ चांगीसारखा दिपवत नाही, पण जीव रमवतो. सुरक्षा तपासणीच्या पलीकडे त्यांच्या पारंपरिक कलांचं एक दालन आहे, तिथे रेवाने आणि आईंनी शेजारी शेजारी बसून कागदी पंखे रंगवले. मध्येच जुन्या दरबारी वेशातले राजा-राणी लवाजम्यासह ड्युटी फ्रीच्या दुकानांसमोरून अगदी गंभीर चेहऱ्याने चालत गेले.

फक्त त्याआधी, तपासणीच्या पट्ट्यावर, माझी बॅग बाजूला काढली गेली होती. आत अर्धा किलो गोचुजांग. मिरचीची चटणी म्हणजे घन पदार्थ, असा माझा समज. ती द्रवात धरतात, शंभर मिलीच्या वर हातातल्या सामानात चालत नाही. चूक माझीच. डबा निळ्या पिंपात गेला. त्याच बॅगेतल्या आईंच्या मेतकुटाच्या पुडीकडे कुणी ढुंकूनही बघितलं नाही, आणि हे आईंनी मला विमान सुटेपर्यंत तीनदा सांगितलं.

सिंगापूरला परतीच्या वेळी दीडच तास होता. मुंबईत बाहेर पडलो तेव्हा टॅक्सीच्या रांगेत अप्पा भलत्याच ढकलगाडीमागून चालायला लागले. आमचं सामान इकडे, ते तिकडे. मी मागून ओरडले, "अप्पा! अहो अप्पा!" वळले नाहीत. आणखी जोरात हाक मारली. शेवटी नवरा पळत जाऊन त्यांना घेऊन आला.

"ऐकू आलं नाही का?"

"आलं की," अप्पा म्हणाले. "म्हटलं, असेल कुणाचा तरी कोरियन बाप."